मोतीरामचे मागचे पाय

“वाक,” मोमीन सर म्हणाले.

मी वाकले.

“अजून. हं, आता चाल. गुडघे जवळ आणू नकोस. आता तशीच मागं ये.”

चित्रकलेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून केलेल्या जागेत, मी कमरेत वाकून पुढं-मागं चालत होते आणि हे काय चाललंय ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी पाण्यानं भरलेला तांब्या माझ्या पाठीवर ठेवला. मी तांब्यासकट चालले. एक थेंब सांडला नाही.

“जमतंय,” सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. दारात आमचे हेडमास्तर रेठरेकर सर उभे होते.

“अहो मोमीन, पण मुलगी आहे ती.”

“म्हणूनच म्हणतो, सर. आणि नुसती मुलगी नाही, तोडकरांची मुलगी. तोडकर सगळ्या गावावर संशय घेतील, पण स्वतःच्या घरावर घेतील का?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इतक्या घाईनं सरळ झाले की तांब्या सरांच्या पायावर पडला.

आता मोतीराम कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला काहीच कळायचं नाही. मोतीराम म्हणजे आमच्या खंबाळे हायस्कूलचा हत्ती. वेताचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर राखाडी रंग आणि आत दोन पोरं, एक पुढचे पाय आणि एक मागचे. गॅदरिंगच्या आठवड्यात तो रोज मधल्या सुट्टीत मैदानावर यायचा. शुक्रवारी त्याची बाजारातून मिरवणूक निघायची. आणि शनिवारी माजी विद्यार्थी गावोगावाहून परत यायचे, तेव्हा खरा खेळ. पुढचे पाय कोण हे सगळ्यांना ठाऊक असायचं, कारण सोंडेतून बोलायचं काम त्याचं. मागचे पाय कोण, हे मात्र गुपित. शनिवारी माजी विद्यार्थ्यांच्या पंचानं स्टेजवर येऊन एकच नाव घ्यायचं. नाव बरोबर निघालं तर पाहुणे आधी जेवणार, आम्ही वाढणार आणि वर सगळी भांडी आम्हीच घासणार. नाव चुकलं तर सगळं उलटं.

उलटं झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कारण माजी विद्यार्थ्यांचे पंच होते आमचे आप्पा.

आप्पांचं सायकलचं दुकान अगदी शाळेच्या मैदानासमोर. गावातल्या झाडून सगळ्या पोरांच्या सायकलींची सीट त्यांनीच वरखाली केलेली. कोण गुडघे फाकवतो, कोण टाच घासतो, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि एवढ्यानं भागलं नाही तर शुक्रवारी मिरवणूक दुकानासमोर थांबली की ते काहीतरी कळ काढायचेच. एका वर्षी त्यांनी हत्तीच्या पोटाखाली तपकीर उधळली आणि शिंकेवरून पोरगा ओळखला. एका वर्षी शेळी सोडली. शेळीनं मोतीरामचं शेपूट खाल्लं, आतला पोरगा “आई गं” म्हणाला आणि संपला कारभार. दर वर्षी आम्ही आपले मसालेभाताची पातेली घासतोय आणि आप्पा कोट घालून, पान चघळत लांबून बघतायत. घरी आल्यावर वर मलाच विचारायचे, “काय कुमे, हात दुखतात का?”

त्या वर्षी मागच्या पायांना चंदू जंगम ठरला होता. रविवारी त्याला गालफुगी झाली आणि चंदूचंच तोंड हत्तीएवढं झालं. दुसरा कुणी बुटका आणि तयारीचा पोरगा मिळेना. मी बुटकी होतेच. शिवाय रोज दुकानात पायपंपानं हवा भरून भरून माझ्या पायांत ताकद आलेली.

रेठरेकर सर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे बघ कुमुद, शनिवारपर्यंत तू सापडली नाहीस, तर पुढच्या वर्षीपासून मुली हत्तीत, नाटकात, लेझमात, कुठंही. कमिटीशी मी बोलेन. पण आठवड्यात कधीही सापडलीस, तर गाव मला विचारणार की पोरीला गोणपाटात कशाला घातली. मग हा विषय माझ्यापुढं परत काढायचा नाही.”

गॅदरिंगमध्ये मुलींनी दोनच गोष्टी करायच्या, रांगोळी काढायची आणि स्वागतगीत म्हणायचं. पाचवीपासून मी स्वागतगीतात होते आणि पाचवीपासून बाई मला सांगत होत्या, “कुमुद, तू नुसते ओठ हलव हं बाळा.” वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवलेल्या माणसाला हत्तीचे पाय दिलेत तर तो काय नाही म्हणणार? मी हो म्हटलं. हो म्हणताना आवाज जरा मोठाच आला.

मोतीरामच्या पोटात काय असतं ते सांगते. अंधार, गोणपाटाची धूळ आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. मागच्याच्या खांद्यावरून नवारीचा एक पट्टा जातो, त्यावर हत्तीचा सगळा पार्श्वभाग पेलायचा. पुढं आडवा बांबू, तो धरून चालायचं. पायांत राखाडी पायजमा आणि गोणपाटाचे बूट. पुढचे पाय होता दहावीतला दिगंबर फाळके. दिसायला थेट पैलवान, पण भित्रा असा की झुरळ दिसलं तरी बाकावर चढायचा.

“कुमुद,” पहिल्याच दिवशी तो पुढून कुजबुजला, “तुझे आप्पा बघतायत. मला घाम आलाय.”

“तू सोंड हलव. घाम कुणाला दिसतोय?”

मधल्या सुट्टीत मी रांगोळीच्या खोलीत असते, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. माझ्या वाटणीची रांगोळी माझी मैत्रीण हौसा काढायची. माझा भाऊ बापू आठवीत होता, पण त्याला फसवायची गरजच पडली नाही. आठवीत गेला तरी बापू मोतीरामला घाबरायचा. हत्ती मैदानात आला की हा सायकल स्टँडच्या मागं जाऊन बोरं खात बसायचा. हे घरी कळू नये म्हणून मला तो रोज शपथ घालायचा आणि मी ती पाळत होते. घरात गुपितांची नुसती गर्दी झाली होती.

बुधवारपर्यंत आप्पांना काही पत्ता लागेना. माणूस हैराण. जेवताना भाकरीचा तुकडा हातातच राहायचा.

“चाल नवीनच आहे गं,” ते आईला सांगत होते. “फाकत नाही, घासत नाही. असा मागचा पाय मी पाहिलाच नाही. पाटलांचा नातू म्हणावं तर तो डावीकडं झुकतो. कुमे, तू शाळेत असतेस, तुला काय वाटतं?”

“मला काय कळतंय त्यातलं, आप्पा. मी रांगोळीत असते.”

“हं. तेही खरंच. ये, जरा ऊठ. मी पुढचे पाय होतो, तू मागचे हो. चालून बघू, त्याशिवाय डोक्यात यायचं नाही.”

आईनं ताटावरून वर पाहिलं. मी उठले. आप्पा पुढं वाकले, मी मागं वाकले आणि आमच्या स्वयंपाकघरात हत्ती फिरायला लागला. आता मला चांगलं चालायचं नव्हतं, हे उघड आहे. मी मुद्दाम अडखळले, फडताळावर आपटले, पाण्याची कळशी लवंडली.

“अगं, पायात पाय काय घालतेस!” आप्पा वैतागले. “गुडघे जवळ आण! जवळ!”

गुडघे जवळ आणायचे नसतात. ते तोंडाशी आलं होतं, गिळलं.

“सोड,” आप्पा पाटावर बसत म्हणाले. “हे तुम्हा पोरीबाळींचं काम नव्हे. मागचे पाय म्हणजे खायची गोष्ट आहे का? मी होतो म्हणून मला माहीत.”

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. ती आम्ही इतक्यांदा ऐकली होती की बापू तोंडातल्या तोंडात सोबत म्हणायचा. आप्पा अकरावीला होते त्या वर्षी पंचानं नाव घेतलं, हत्तीचं मागचं गोणपाट वर केलं आणि आत कुणीच नव्हतं! पुढचे पाय जागेवर, मागचे गायब. नाव बरोबर की चूक, कळायला मार्ग नाही. भांडी दोन्ही बाजूंनी मिळून घासली. त्या वर्षीचे पाय कोण ते कधीच उघडकीला आलं नाही. “आणि ते पाय,” आप्पा छातीवर हात ठेवून म्हणायचे, “ह्या तोडकराचे.”

आई खाली मान घालून आमटी वाढत होती.

गुरुवारी माझी पाठ मोडली. सरळ बसता येईना, वाकता येईना. आप्पा दुकानात आणि बापू खेळायला गेल्यावर आईनं मला हाक मारली. तिनं तेलाची वाटी गरम करून ठेवली होती.

“पालथी पड.”

“कशाला? मला काय झालंय?”

“मानेवर राखाडी रंग आहे तुझ्या. रांगोळीत राखाडी कधीपासून घालायला लागलात?”

मी पालथी पडले. आईनं तेल लावायला सुरुवात केली आणि बरोबर जिथं ठणकत होतं तिथंच तिचा अंगठा गेला.

“पट्टा डाव्या खांद्यावर घेतेस ना? उजव्यावर घे. डावीकडं वेताची गाठ आहे, ती बरगडीत टोचते.”

मी मान वळवून तिच्याकडं पाहत राहिले. हत्तीची डावीकडची गाठ हत्तीच्या आत गेल्याशिवाय कुणाला कळणार?

“आई?”

“मान खाली घाल.”

“आई, ते पाय तुझे होते?”

ती पाठ चोळत राहिली. मग अगदी साध्या आवाजात तिनं सांगितलं. त्या वर्षी पुढचे पाय होता माझा मामा, तिचा थोरला भाऊ. मागचा पोरगा आयत्या वेळी घाबरून मावशीकडं पळाला. मामानं घरात येऊन डोक्याला हात लावला, तेव्हा ही म्हणाली, मी येते. आठवडाभर चालली. शनिवारी गोणपाटाच्या फटीतून पाहते तो पहिल्याच रांगेत तिचे वडील बसलेले, फेटा बांधून, हातात काठी घेऊन. पंचाचं भाषण चालू असताना ही पट्ट्यातून सुटली आणि स्टेजच्या पडद्यामागून घरी येऊन चुलीपुढं बसली.

“आणि आप्पा म्हणतात ते?”

“त्यांचं काय. मला बघायला आले तेव्हा स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्या वर्षीचे मागचे पाय मीच, म्हणाले. बोलण्याच्या भरात विसरलेच, की त्या हत्तीचे पुढचे पाय, म्हणजे तुझा मामा, तिथंच बसलाय. त्याला असा ठसका लागला, की पाणी आणावं लागलं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“पोहे घ्या म्हटलं.”

मी उशीत तोंड खुपसून हसत सुटले. आईनं पाठीवर चापट मारली.

“आणि तरी होकार दिलास?”

“एवढंच एक खोटं होतं. बाकी माणूस बरा वाटला.” तिनं वाटी उचलली. “पण तू माझ्यासारखी पळून येऊ नकोस. गोणपाट वर झालं की उभी राहा. आणि यातलं कुणाला बोलायचं नाही.”

शुक्रवारी मिरवणूक निघाली. पुढं ढोल, मागं लेझीम, मध्ये आम्ही. पट्टा उजव्या खांद्यावर घेतला होता आणि खरंच टोचत नव्हतं. बाजारातून डुलत डुलत आम्ही आप्पांच्या दुकानासमोर येऊन थांबलो. थांबावंच लागायचं, रीतच होती तशी.

“कुमुद,” दिगंबर कुजबुजला, “तुझे आप्पा दिसत नाहीत. काहीतरी आहे बघ. शेळी असेल तर मी पळणार.”

“पळालास तर सोंड उपटीन.”

तेवढ्यात शेजारी कानठळ्या बसणारा धडाम् आवाज झाला. ढोलवाल्यांच्या काठ्या पडल्या. लेझीमवाल्या पोरांनी “ओय” म्हणून उड्या मारल्या. दिगंबर एवढा उडाला की मोतीरामचं डोकं आभाळाकडं गेलं. मी आपली निवांत उभी. ट्रकची ट्यूब फुटली होती, दुसरं काय. आप्पांनी मुद्दाम हवा भरून भरून फोडली होती. आमच्या घरात ट्यूब फुटली की कुणी पोळीवरून मानसुद्धा उचलत नसे.

आणि मग माझ्या ध्यानात आलं. अख्खा रस्ता उडाला होता आणि मागचे पाय जागेवर. फटीतून मला आप्पांचे पाय दिसत होते. ते आमच्या मागच्या पायांसमोर येऊन थांबले. बराच वेळ तिथंच थांबले.

संध्याकाळी आप्पांनी भाकरीवर भाकरी खाल्ल्या, हात धुतला आणि कोटाला इस्त्री करायला घेतली. इस्त्री करताना गुणगुणत होते. मध्येच माझ्याकडं बघून हसले, मध्येच बापूकडं बघून हसले.

“त्यांना कळलंय,” मी चुलीपाशी आईला म्हटलं.

“कळू दे की.”

“मग सगळं संपलं ना! पुढच्या वर्षी परत ओठ हलवायचे!”

मला रडू फुटलं. आईनं पदरानं माझं नाक पुसलं. आप्पा नात्यासाठी नाव लपवतील, असं तिलाही वाटत नव्हतं आणि मलाही. पंच म्हणजे पंच. ह्या बाबतीत त्यांनी सख्ख्या पुतण्यालासुद्धा सोडलं नव्हतं.

शनिवारी मैदान फुलून गेलं होतं. कुठून कुठून माणसं आलेली. पुण्याहून, मिरजेहून, एकजण तर बडोद्याहून. टक्कल पडलेली मोठमोठी माणसं एकमेकांना “ए बोक्या”, “ए खारक्या” म्हणून हाका मारत होती. माजी विद्यार्थिनीही यायच्या, पण त्या डावीकडं सतरंजीवर वेगळ्या. हरण्या-जिंकण्यात त्यांना कुणी मोजतच नसे. आई त्यांच्यात बसली होती.

स्वागतगीत झालं. माझ्या जागी कुणी ओठ हलवले कुणास ठाऊक. मग मोतीराम स्टेजवर आला आणि रेठरेकर सरांनी पंचांना बोलावलं. आप्पा इस्त्रीचा कोट घालून माइकपुढं उभे राहिले. मी गोणपाटाच्या आत, डोळ्यांत धूळ.

“मंडळी,” आप्पांनी सुरुवात केली, “आजवर मी पुष्कळ पाय ओळखले. पण या वर्षीच्या पायांनी मला रडवलं. ना फाकतात, ना घासतात. शेवटी काल ट्यूब फोडली. सगळा बाजार उडाला. उडाले नाहीत ते एवढेच पाय!”

टाळ्या पडल्या.

“आता सांगा, ट्यूब फुटल्यावर न दचकणारं पोर या गावात कुठं वाढलं असेल? एकाच घरात. आणि ते घर,” आप्पांचा आवाज चिरकला, “ते घर माझं!”

संपलं. मी डोळे मिटले. पुढून दिगंबरनं मागं हात करून माझा हात दाबला, बिचाऱ्यानं.

“मंडळी, बापाला यापरता आनंद तो कसला! मागचे पाय आहेत... माझा मुलगा, बापू बाळासाहेब तोडकर!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा जीव भांड्यात पडला. आणि पाठोपाठ इतका राग आला, इतका राग आला की हातातला बांबू करकरला. आठवडाभर रोज मी त्यांच्या नाकासमोर चालले. स्वयंपाकघरात त्यांच्या मागं वाकून चालले. बरोबर घरापर्यंत येऊन पोचला हा माणूस, आणि घरात त्याला पोर एकच दिसलं.

टाळ्या थांबल्यावर मैदानाच्या पार शेवटून एक बारीक आवाज आला.

“आप्पा, मी इकडं आहे!”

बापू सायकल स्टँडपाशी उभा होता. दोन्ही मुठींत बोरं.

क्षणभर कुणाला काही समजेना. मग सगळी शाळा उठून नाचायला लागली. पोरांनी टोप्या उडवल्या. आप्पा माइक धरून बापूकडं बघतायत, हत्तीकडं बघतायत, परत बापूकडं बघतायत. मोमीन सरांनी मागचं गोणपाट वर केलं.

मी उभी राहिले. वेणी सुटलेली, तोंड राखाडी, खाली तो गबाळा पायजमा. डावीकडच्या सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं, “अगं बाई, कुमी की गं ही!” आणि मग बायकांनी ज्या टाळ्या वाजवल्या, तशा टाळ्या मी परत कधी ऐकल्या नाहीत.

रेठरेकर सरांनी माइक घेतला. दिलेला शब्द त्यांनी तिथंच सगळ्यांसमोर बोलून दाखवला, म्हणजे कमिटीला मागं फिरायला जागा राहिली नाही. कमिटीचे चेअरमन पहिल्या रांगेत होते. त्यांनी आधी इकडं-तिकडं पाहिलं आणि मग टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात आप्पा सावरले. आमचे आप्पा सावरणार नाहीत असं होतंय का? त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि दुसऱ्या हातानं माइक ओढला.

“हरलो, मंडळी! पण हरलो कुणाकडून? पोटच्या पोरीकडून! आणि हे आलं कुठून तिच्यात? सांगतो. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी गोणपाट वर केलं आणि आत कुणी नव्हतं. बापाचेच पाय आहेत हे! त्या वर्षीचे मागचे पाय म्हणजे...”

“अहो, बास!”

डावीकडं सतरंजीवर आई उभी राहिली होती. घरी जिनं कधी शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाक मारली नाही, ती आई. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला, तोंड लालभडक.

“आज पोरीचा दिवस आहे, तो पोरीला राहू द्या. आणि त्या वर्षीचे पाय माझे होते. खोटं वाटत असेल तर माझ्या भावाला विचारा, बडोद्याहून आलाय तो.”

सगळं मैदान मामाकडं वळलं. मामा उठला, हात जोडले आणि म्हणाला, “दाजी, माफ करा. किती वर्षं ठसके देणार मी?”

लोक असे हसले, असे हसले की दोघांच्या खुर्च्या मोडल्या. मी आप्पांकडं बघत होते. त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता, पण सगळा जोर गेलेला. ते आईकडं पाहत होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडं तसं पाहिलेलं मला आठवत नाही. मग त्यांनी माइक सरांच्या हातात दिला आणि स्टेजवरून उतरले.

पंगत बसली. कोट काढून, बाह्या वर करून ती मोठमोठी माणसं आम्हाला वाढत होती. आप्पांकडं मसालेभाताचं पातेलं होतं. माझ्या पत्रावळीपाशी आले, वाढलं आणि तिथंच उभे राहिले.

“बापूचं नाव घेतलं मी,” ते हळूच म्हणाले. “तू समोर होतीस. चालून दाखवलंस मला. तरी बापूचं घेतलं.”

“मला लई वाईट वाटलं, आप्पा.”

“वाटणारच.” त्यांनी आणखी एक डाव भात वाढला. माझ्या पत्रावळीवर डोंगर झाला, पण त्यांना तेवढंच सुचत होतं आणि मी ते खाल्लं.

जेवणं उरकली. हौदापाशी भांड्यांचा ढीग लागला. माजी विद्यार्थी राख आणि नारळाची शेंडी घेऊन ओळीनं बसले. आम्ही पोरं भोवती उभं राहून मजा बघत होतो. आप्पांनी सगळ्यांत मोठं पातेलं स्वतःपुढं ओढलं होतं.

तेवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून आई आली. निऱ्या खोचल्या आणि सरळ पुरुषांच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

“वहिनी, तुम्ही कशाला?” कुणीतरी म्हणालं. “तुमच्या घरचे जिंकले की आज.”

“मी माजी विद्यार्थी आहे,” आई म्हणाली. “हरलेल्यातली.”

पुरुष एकमेकांच्या तोंडाकडं पाहायला लागले. जागा कुणी करेना. तिला बसायला सांगावं की जायला सांगावं, हेच त्यांना कळेना. आप्पांनी पातेल्यातून डोकं वर काढलं. नाकाला राख लागली होती.

“अरे, बघताय काय नुसते! सरका की!” ते ओरडले. “मोतीरामचे मागचे पाय आहेत ते. जागा द्या!”

ओळ सरकली आणि आई बसली.